पडद्यावरचे अक्षर: सेरिफचा वाद आणि आपली शिरोरेघ

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीनिमित्त आपण इथे जमतो, त्यांची हयात छापखान्यात गेली. त्यामुळे विषय अक्षरांचाच असावा, हे ओघाने आले. कागदावरच्या अक्षरांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे बोललेली आहेत. म्हणून मी पडद्यावरच्या अक्षरांकडे वळतो. आज आपण सगळे दिवसभर वाचतो ते तिथेच, आणि तक्रारही तिथलीच करतो.

सुरुवात वॉशिंग्टनपासून करू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे कागद २००४ सालापर्यंत ‘कुरियर न्यू’ या टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या अक्षरांत निघत. त्या वर्षी त्याची जागा ‘टाइम्स न्यू रोमन’ने घेतली. जानेवारी २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांनी जगभरच्या वकिलातींना कळवले की, यापुढे सगळे कागद ‘कॅलिब्री’त आणि १४ पॉइंटात काढावेत. कारण दिले दिव्यांगांच्या सोयीचे. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी आलेले मार्को रुबिओ यांनी हा हुकूम फिरवला आणि टाइम्स न्यू रोमन परत आणले. सरकारी कागदाला शोभेल असा रुबाब हवा, आधीचा बदल ही नसती उठाठेव होती, असे त्यांचे म्हणणे. युक्रेन, गाझा, तैवान असे प्रश्न ज्या खात्याच्या टेबलावर पडलेले असतात, त्या खात्यात मंत्री पातळीवर तीन वर्षांत दोनदा अक्षराच्या पायावर खल झाला.

पायावर म्हणजे अक्षरशः पायावर. इंग्रजी अक्षरांच्या दांड्यांना वर-खाली जी बारीक आडवी टोके असतात, ती सेरिफ. टाइम्स न्यू रोमनला ती आहेत, कॅलिब्रीला नाहीत. रोमन लोकांच्या शिलालेखांत ही टोके आहेत. छपाई युरोपात रुजली तेव्हा पुस्तकांच्या रोमन अक्षरांनी ती घेतली आणि पुढची साडेतीनशे-चारशे वर्षे वाचनाचे अक्षर म्हणजे सेरिफचेच, हे गृहीत धरले गेले. टोके छाटलेले पहिले छापील अक्षर लंडनच्या कॅसलन घराण्यातल्या चौथ्या विल्यम कॅसलनने १८१६च्या सुमारास आपल्या नमुन्यात दाखवले. ते फक्त मोठ्या लिपीतले होते आणि पुस्तकासाठी नव्हतेच. पुढे जाहिराती, दुकानांच्या पाट्या आणि रेल्वेच्या फलकांवर ते वळण पसरले. १९५७ साली ‘हेल्व्हेटिका’चा मूळ अवतार आणि ‘युनिव्हर्स’ ही दोन्ही अक्षरे आली आणि बिनसेरिफाला प्रतिष्ठा मिळाली.

परत ब्लिंकन यांच्या हुकमाकडे येतो. त्यातले अर्धे कारण मला पटत नाही. अंध व्यक्ती जे वाचक सॉफ्टवेअर वापरतात, त्याला अक्षराचे वळण दिसतच नाही. ते मजकुरामागचे संकेतांक वाचते आणि बोलून दाखवते. तिथे टाइम्स असो की कॅलिब्री, फरक शून्य. कागद स्कॅन करून त्यावरची अक्षरे यंत्राकडून ओळखून घ्यायची असतील तरच वळणाचा संबंध येतो. आणि रुबिओ यांच्या रुबाबाबद्दल सांगायचे, तर टाइम्स न्यू रोमन हे काही राजदरबारातून आलेले अक्षर नाही. लंडनच्या ‘द टाइम्स’ या वर्तमानपत्रासाठी स्टॅनली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी ते रेखाटले आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी ते त्या पत्रात अवतरले. अरुंद स्तंभात जास्तीत जास्त मजकूर कोंबता यावा आणि तरी वाचता यावा, हा त्यामागचा व्यवहार होता. त्याला रुबाब चढला तो नंतर. संगणकाबरोबर ते आयते मिळू लागले आणि सगळ्या कचेऱ्यांनी ते वापरले, म्हणून.

(कॅलिब्रीचीही एक कथा सांगून टाकतो. २०१७ साली पाकिस्तानात पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेची चौकशी चालू असताना फेब्रुवारी २००६ ची तारीख असलेला एक दस्त पुढे आला. तो कॅलिब्रीत होता. कॅलिब्री बाजारात आले जानेवारी २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या नव्या ऑफिसबरोबर. पुढे काय चर्चा झाली असेल ती तुम्हीच ताडा. अक्षरे अशी चहाडीही करतात.)

आता मूळ प्रश्न. सेरिफचे अक्षर वाचायला सोपे की बिनसेरिफाचे? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे आहेत आणि ती आजही कार्यशाळांमध्ये जोडीने शिकवली जातात: कागदावर सेरिफ, पडद्यावर बिनसेरिफ. कागदासाठीचे कारण असे सांगतात की, ती बारीक टोके ओळीच्या बुडाशी एक अदृश्य रेघ तयार करतात आणि डोळा तिच्यावरून घरंगळत जातो. ऐकायला छान आहे. पण डोळा घरंगळत जातच नाही. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या नावाशी जोडले जाणारे हे निरीक्षण १८७९ पासूनचे आहे: वाचताना डोळा उड्या मारतो. एका जागी सेकंदाचा चौथा हिस्सा थांबतो, सात-आठ अक्षरे ओलांडून पुढे जातो, पुन्हा थांबतो, मध्येच मागेही येतो. उडी चालू असताना त्याला जवळजवळ काही दिसत नाही. मग त्या रेघेचा उपयोग कोणाला?

प्रयोग मात्र पुष्कळ झाले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डोनाल्ड पॅटरसन आणि माइल्स टिंकर यांनी १९३२ साली दहा प्रकारची अक्षरे वाचकांना वाचायला दिली. त्यांत ‘काबेल लाइट’ हे बिनसेरिफ अक्षरही होते. नेहमीच्या पुस्तकी अक्षरापेक्षा ते मागे पडले ते नावापुरतेच. खरोखर मागे पडले ते टंकलेखन यंत्राचे अक्षर आणि जुन्या गॉथिक वळणाचे काळे अक्षर. मौज अशी की, वाचकांना विचारले तर ते आवड सेरिफचीच सांगत. वेग एक सांगत होता आणि आवड दुसरे.

सेरिफच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष पुढे अनेक वर्षे एका इंग्रज मानसशास्त्रज्ञाची दिली जाई. सर सिरिल बर्ट. बुद्धिमापनातले मोठे नाव, सरदारकी मिळालेले. १९५९ साली त्यांचे अक्षररचनेच्या मानसशास्त्रावरचे पुस्तक निघाले आणि त्याला प्रस्तावना होती स्टॅनली मॉरिसन यांची, म्हणजे टाइम्स न्यू रोमन घडवून घेणाऱ्याचीच. निष्कर्ष मॉरिसन यांना आवडतील असेच होते. १९७१ साली बर्ट वारले आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातले आकडे संशयात सापडले. आकडे बनावट असल्याचा आरोप झाला. मग जेम्स हार्टली आणि डोनाल्ड रूम यांनी १९८३ साली त्यांचे अक्षरांवरचे कामही नव्याने तपासले, तेव्हा त्या ठाम विधानांखाली पुरावा फारच पातळ निघाला. १९९९ साली ओले लुंड यांनी इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात पीएच.डी.साठी या वादातले जवळपास शतकभराचे प्रयोग चाळले. त्यांच्या मते, एक वळण दुसऱ्यापेक्षा सरस आहे असे म्हणण्याइतका भरवशाचा पुरावा त्यांत नव्हता. अक्षराचा आकार बदलला, ओळींमधले अंतर बदलले, जाडी बदलली आणि श्रेय मात्र सेरिफला दिले, अशा गफलती जागोजागी होत्या.

कागदाचा निकाल असा. पडद्याचा निकाल वेगळा का लागला, हे समजायला थोडा हिशोब करावा लागेल.

१२ पॉइंटाचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. चांगल्या छपाईत इंचाला १,२०० ठिपके बसतात असे धरले, तर त्या अक्षराच्या उंचीला २०० ठिपके मिळतात. नव्वदच्या दशकातल्या विंडोजच्या संगणकाने इंचाला ९६ ठिपके मानले होते. म्हणजे त्याच अक्षराच्या वाट्याला आले सोळा. त्यातही इंग्रजीच्या छोट्या लिपीतल्या अक्षराचा मुख्य देह, वरची शेंडी आणि खालची शेपटी वगळता, टाइम्समध्ये जेमतेम सात ठिपक्यांचा. गणिताच्या चौकटीच्या वहीत सात चौकटींच्या उंचीत अक्षर काढायचे, आणि चौकट एक तर पूर्ण भरायची नाही तर पूर्ण सोडायची. अर्धी चौकट नाही, बारीक रेघ नाही. दांडी एका चौकटीची आणि तिच्या पायाचे सेरिफही एका चौकटीचे. कागदावर जे टोक दांडीपेक्षा कितीतरी बारीक होते, ते पडद्यावर दांडीइतकेच जाडजूड झाले. शेजारच्या अक्षराचे टोक त्याला चिकटले. हा सगळा चिखल बघून लोकांनी निष्कर्ष काढला की पडद्यावर सेरिफ वाचवत नाही.

तो निष्कर्ष त्या काळीही पुरता खरा नव्हता, हे दाखवणारी एक जोडगोळी आहे. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने मॅथ्यू कार्टर यांच्याकडून दोन अक्षरे करून घेतली: बिनसेरिफाचे ‘व्हर्डाना’ आणि सेरिफचे ‘जॉर्जिया’. कार्टर मुळात हाताने पोलादी पंच कोरायला शिकलेला माणूस. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी ‘बेल सेंटेनियल’ नावाचे अक्षर केले होते. हलक्या कागदावर भरधाव छपाईत शाई पसरते आणि अक्षराचे सांधे भरून जातात, म्हणून त्यांनी सांध्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. शाई पसरली की खाच बुजे आणि अक्षर नेमके दिसे. व्हर्डाना आणि जॉर्जियाच्या वेळी त्यांनी तोच विचार ठिपक्यांना लावला. नेहमीची रीत अशी की, आधी सुबक बाह्यरेषा काढायची आणि मग ती ठिपक्यांत बसवायची. कार्टर यांनी उलटे केले. आधी एकेका आकारासाठी ठिपकेच मांडले, ते चांगले दिसेपर्यंत हलवले, आणि मग त्यांच्याभोवती बाह्यरेषा गुंफली. प्रत्येक आकारात कोणता ठिपका पेटवायचा याच्या सूचना टॉम रिकनर यांनी त्या फॉन्टमध्ये भरल्या.

त्यातून जॉर्जिया निघाले, आणि त्या खडबडीत पडद्यावरही ते लख्ख वाचता येई. सेरिफसकट! व्हर्डानात तर आणखी गंमत आहे. ते बिनसेरिफाचे, पण त्यातल्या मोठ्या लिपीतल्या ‘आय’ला कार्टर यांनी वर-खाली सेरिफ दिले. कारण ते दिले नाहीत तर मोठा ‘आय’ आणि छोटा ‘एल’ ही दोन्ही नुसत्या उभ्या काठ्या होतात. ‘एरियल’ या बिनसेरिफ अक्षरात तसेच होते. पासवर्ड उतरवून घेताना ज्यांनी कपाळाला हात लावला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. जिथे अक्षर ओळखायला टोकाची मदत होते तिथे टोक ठेवले, बाकी ठिकाणी काढले. सगळ्या वादात मला पटलेला न्याय एवढाच.

पुढे पडदा बदलला. जून २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ च्या पडद्यावर इंचाला ३२६ ठिपके होते. आपल्या १२ पॉइंटाच्या अक्षराला सोळाऐवजी चोपन्न. २०१५ साली अॅमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइटने ३०० चा आकडा गाठला, त्याच वर्षी किंडलसाठी ‘बुकर्ली’ हे खास अक्षर आले आणि ते सेरिफचे होते. गूगलने आपल्या पुस्तकांसाठी करून घेतलेले ‘लिटराटा’ही त्याच वर्षीचे आणि सेरिफचेच. संगणकाच्या वापरसुलभतेवर वर्षानुवर्षे लिहिणारे याकोब नील्सन पूर्वी पडद्यासाठी बिनसेरिफाची शिफारस करत. २०१२ साली त्यांनी लिहिले की, बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर त्या नियमाला आता आधार उरलेला नाही. नियमाचे कारण गेले, नियम मात्र राहिला. आजही कोणी नवे ॲप काढले की डोळे मिटून बिनसेरिफ निवडतो आणि विचारले तर सांगतो, पडद्यावर तेच वाचवते.

यंत्राची अडचण डोळ्याचा नियम म्हणून मिरवते, हे आपण मराठी माणसांनी याआधीही पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने जे देखणे देवनागरी खिळे ओतले, त्यांत जोडाक्षरांसाठी, काना-मात्रा-उकारांसाठी वेगवेगळे खिळे होते, शेकड्यांनी. जुळाऱ्याला त्या खणांत हात घालायला सवय लागे. खिळ्यांची संख्या आटोक्यात यावी म्हणून टिळकांनी स्वतः डोके चालवले होते. सावरकरांनी ‘अ’लाच सगळ्या खुणा लावून ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी बाराखडी सुचवली, त्यामागेही छपाईची सोय होती. मग ओळीच्या ओळी ओतणारे लायनोटाइप यंत्र आले. त्याच्या कळफलकावर कळा नव्वद. नव्वद कळांत देवनागरी बसवायची तर एकाखाली एक लिहायची जोडाक्षरे मोडून पाय मोडक्या अक्षरांची रांग करणे भाग होते. ‘विठ्ठल’ मधला दुमजली ‘ठ्ठ’ गेला आणि पंढरीचा राणा पाय मोडून ‘विठ्‌ठल’ झाला. वर्तमानपत्रे वाचून वाढलेल्या पिढीला पुढे तेच आधुनिक आणि सोपे वाटू लागले. यंत्र बदलले तेव्हा दुमजली ‘ठ्ठ’ परत आणता येत होता. पण तोवर काहींना तो जुनाट दिसायला लागला होता.

तर देवनागरीत सेरिफचा प्रश्न नेमका कुठे येतो? खरे म्हणजे येतच नाही. आपल्या अक्षरांना पाय नाहीत, डोक्यावर रेघ आहे. फॉन्टच्या यादीत ‘नोटो सेरिफ देवनागरी’ आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’ अशी नावे दिसतात, पण ती पाहुण्यांच्या घरची नावे आपल्या मुलांना ठेवल्यासारखी आहेत. त्यांतला फरक टोकांचा नसतो. बोरूच्या वळणाचा असतो. बोरूची जीभ तिरकी छाटलेली. त्यामुळे एका दिशेने रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेने बारीक. आणि आपला बोरू इंग्रजीच्या लेखणीच्या उलट बाजूने छाटतात, म्हणून जाडी उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या रेघेला येते. ही जाडबारीक लय ज्यात राखली ते ‘सेरिफ’च्या खात्यात टाकतात, जिथे सगळी रेघ एकसारख्या जाडीची ते ‘सॅन्स’च्या. निर्णयसागर पहिल्या प्रकारचे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ दुसऱ्या प्रकारचे.

आणि सोळा ठिपक्यांच्या पडद्यावर देवनागरीचे हाल इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त झाले. आपल्याला उंची तीन मजल्यांत वाटावी लागते. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये शिरोरेघ आणि अक्षराचा देह, खाली उकार. सोळातले चार वर, चार खाली आणि एक शिरोरेघेला गेला की देहाला सातच उरतात. त्या सातांत ‘ठ्ठ’ बसवून बघा. एका ‘ठ’च्या गोलाला आत पोकळी हवी तर किमान तीन ठिपके लागतात. दोन गोलांचे सहा झाले. शिरोरेघेला जोडणारी मान एक, दोन गोलांमधला सांधा एक. सात कधीच संपले. म्हणून जुन्या पडद्यांवर विठ्ठल म्हणजे काळा ठिपका असे.

याहून बेरकी भानगड ‘भ’ आणि ‘म’ची. दोघांचा देह जवळपास सारखा. फरक वर डाव्या बाजूला: ‘म’ची शिरोरेघ सलग, ‘भ’ची तिथे तुटलेली आणि टोकाला वळलेली. लहान आकारात ती फट एका ठिपक्याची. कडा मऊ दिसाव्यात म्हणून संगणक काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडे ठिपके भरतो. त्या प्रयत्नात नेमकी ही फट करडी होते. मग ‘पाणी भरले’ आणि ‘पाणी मरले’ यांतला निवाडा डोळा करत नाही, वाक्याचा संदर्भ करतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘य’ आणि ‘थ’ यांची गोष्ट तीच. आपण चुकत नाही, कारण मराठी आपल्याला येते. नुकते वाचायला शिकणाऱ्या मुलाला, किंवा आडनावे आणि गावांची नावे वाचणाऱ्याला हा आधार नसतो.

त्यात मायक्रोसॉफ्टचे ‘क्लिअरटाइप’ आले. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. त्या वेगवेगळ्या पेटवून आडव्या दिशेने तिप्पट बारकावा मिळवायचा, ही त्यामागची युक्ती. इंग्रजीतल्या उभ्या दांड्या त्यामुळे सुधारल्या. पण सुरुवातीच्या क्लिअरटाइपने उभ्या दिशेने काहीच दिले नाही. आणि आपली अडचण तर उभ्या दिशेचीच! मात्रेचा तिरका फराटा, उकाराचा झोका, दुमजली जोडाक्षरे, सगळे जिथल्या तिथे राहिले.

अशा काळात र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हे देवनागरी अक्षर केले आणि ते विंडोज २००० बरोबर घरोघर गेले. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे संकेतांक वेगळे. एकाच्या घरी टंकलेले दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की रशियन-चिनी दिसायचे. सगळ्यांसाठी एकच संकेतांक ठरवणाऱ्या युनिकोडमुळे मराठी मजकूर कुठेही मराठीच राहू लागला, आणि मंगल हा त्याचा अनेकांनी पाहिलेला पहिला चेहरा. जोशी हे मुंबईच्या जे.जे. कलासंस्थेचे विद्यार्थी, बोरूत मुरलेले सुलेखनकार, कवी. त्यांच्या हातची अक्षरलेखने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मंगल रुक्ष वाटते. मला ते रुक्ष वाटत नाही. त्या ठिपक्यांत एवढ्या मोठ्या सुलेखनकाराने आपला हात आवरून धरला, हे मला त्यात दिसते. गोल मोकळे, गाठी सुट्या, रेघ जवळजवळ एकाच जाडीची. कार्टर यांनी व्हर्डानात जे केले, तेच हे. पुढे विंडोज ८ मध्ये ‘निर्मला’ आले आणि मंगल मागे सरकले.

आता पडदे बारीक ठिपक्यांचे झाले, तेव्हा देवनागरीसाठी बोरूचे वळण परत आणायला अडचण नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’ हे त्या वळणाचे अक्षर आज फुकट मिळते. नावातला ‘मराठी’ महत्त्वाचा आहे. त्यात ‘ल’ पाकळ्यांचा आहे आणि ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच रूपे प्रमाण ठरवली आहेत. पण युनिकोडमध्ये दांडीचा हिंदी वळणाचा ‘ल’ आणि पाकळीचा मराठी ‘ल’ यांचा संकेतांक एकच. कोणते रूप दाखवायचे ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही असतात. मजकूर मराठी आहे असे पानाच्या मागे नोंदवले तर ते मराठी रूप देतात. ती नोंद करायला एका ओळीचे काम लागते आणि बहुतेक जण ती करत नाहीत. परिणामी मराठी पाठ्यपुस्तकात एक ‘ल’ गिरवलेले मूल मोबाइलवर दुसराच ‘ल’ वाचते. सेरिफपेक्षा या गोष्टीवर मंत्र्यांनी हुकूम काढला तर मी त्यांचे स्वागत करीन.

तीच गोष्ट अर्ध्या ‘र’ची. ‘आचार्यांना पाटावर बसवा’ आणि ‘आचाऱ्यांना पाटावर बसवा’ यांत मान कोणाला मिळतो आणि जेवण कोण करतो हे एका तिरप्या खुणेवर ठरते. फॉन्टला ती खूण येते की नाही, हे आधी बघावे; वळणाचा विचार नंतर.

मग निवड कशी करायची? मला विचाराल तर सलग वाचनाला, म्हणजे कथा, लेख, अग्रलेख यांना, मी जाडबारीक वळणाचे अक्षर घेतो. एकसारख्या जाडीत गाठी आणि दांड्या सारख्याच ठसठशीत दिसतात आणि दहा-बारा पानांनंतर मला ते अक्षर अंगावर आल्यासारखे होते. ही आवड आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नाही. टिंकर यांच्या वाचकांसारखाच मीही सवयीचा गुलाम. बटणे, अर्ज, बँकेचे ॲप, रेल्वेचे वेळापत्रक यांना एकसारख्या जाडीचे घ्यावे, कारण तिथे अक्षर लहान असते आणि बारीक रेघ उन्हात हरवते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे वाचणाऱ्यांनीही बोरूच्या वळणापासून जपून राहावे. पांढरी रेघ फुगल्यासारखी दिसते आणि जाडी-बारीकीचा मेळ बिघडतो.

ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नये, हे मात्र मी आवडीच्या पलीकडे जाऊन सांगतो. इंग्रजीला अक्षराच्या आकाराच्या सव्वापट अंतर चालते. मराठीत वरच्या ओळीचा ‘ट्रू’ आणि खालच्या ओळीचा ‘र्की’ एकमेकांना भिडतात. दीडपट तरी हवे, दोन-दशांश जास्त दिले तर बिघडत नाही. इंग्रजी आणि मराठी एकाच आकड्याच्या आकारात लावले तर मराठी लहान दिसते, कारण उंचीतला मोठा वाटा मात्रा-उकारांत जातो. तेव्हा मराठी एक-दोन आकड्यांनी मोठे लावावे. करड्यावर फिकट करडे लिहिण्याची जी फॅशन आली आहे, तिने जितके डोळे शिणवले तितके कोणत्याही सेरिफने शिणवले नसतील.

आणि एक अडचण राहिली: सरकारी असोत की खाजगी, जुन्या फॉन्टांत करून पीडीएफ म्हणून चढवलेले कागद. डोळ्याला ते मराठी दिसतात. त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, निघते ती निव्वळ चिन्हांची खिचडी. अंध माणसाचे वाचक यंत्र नेमकी तीच खिचडी वाचते. त्यात शोध घेता येत नाही, भाषांतर होत नाही. ब्लिंकन यांना ज्यांची काळजी होती त्या माणसांची मराठीतली अडवणूक ती ही आहे, आणि ती अक्षराचे वळण बदलून सुटणारी नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो.

व्याख्यानानंतर कोणी ना कोणी ‘एकच फॉन्ट सांगा’ म्हणून विचारतेच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. फॉन्टचे नाव मी सांगणार नाही, चाचणी सांगतो. तुम्ही ज्या मोबाइलवर वाचता त्यावरच, ज्या आकारात वाचता त्याच आकारात, हे शब्द टंकून बघा: भरती, मरती, घन, धन, विठ्ठल, राष्ट्रीय, आचाऱ्यांना, लाल, शाल, १९९१. प्रकाश निम्म्यावर आणा, हात लांब करा, आणि आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचायला सांगा. ‘भरती’ला ते अडले तर फॉन्ट बदला. ‘विठ्ठल’ला अडले तर आधी आकार वाढवून बघा. ‘लाल’ आणि ‘शाल’ वाचता आले पण अक्षर ओळखीचे नाही असे ते म्हणाले, तर मोबाइलची भाषा हिंदी ठेवलेली आहे का, ते तपासा.